वाफा घालण्याआधी मातीची चौकशी करा: गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य,
मुंबई, ठाणे, नवी मुंबई व पुणे परिसरातील सहकारी गृहनिर्माण संस्था

स. न. वि. वि.

वार्षिक सभेत परसबागेचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. पाणी कोण घालणार, टाकीतले पाणी किती खर्ची पडणार, भेंडी लावायची की पालक, आलेली भाजी वाटायची कशी. ज्या मातीत हे सगळे लावायचे ती माती तिथे आली कुठून आणि तिच्यात काय काय मुरले आहे, हा प्रश्न इतिवृत्तात क्वचितच सापडतो. आम्ही माती, खते आणि शहरातली भाजी या विषयांत काम करणारी माणसे आहोत. हा प्रश्न आम्ही थेट समितीलाच विचारतो, कारण इमारतीभोवतीची माती बिघडवणारी बहुतेक कामे समितीच्या सहीने होतात: रंगकाम, वाळवीची फवारणी, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, राडारोडा कुठे टाकायचा याची तोंडी परवानगी, जनरेटरची देखभाल.

मुंबईत जमीन म्हणजे बरेचदा भरावच. खाडीकाठच्या उपनगरांत खाजण बुजवून वस्ती झाली आणि भरावात काय पडले ते त्या त्या वेळी हाताशी काय होते त्यावर ठरले: डोंगराचा मुरूम, पाडलेल्या चाळींचा राडारोडा, भट्ट्यांची राख, कुठे चक्क शहराचा कचरा. मालाडचे चिंचोली बंदर ही एके काळची कचराभूमी. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. गिरणगावात गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले, ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखान्यांचे भूखंड होते, पिंपरी-चिंचवडच्या लहान वर्कशॉपांच्या वस्तीत क्रोमियम-निकेलचे मुलामे चढवण्याचे काम चाले. म्हणून पहिले काम कागदाचे. मालमत्ता पत्रक, जुना सातबारा, बिनशेती आदेश, जुन्या विकास आराखड्यातले आरक्षण आणि गूगल अर्थवरची जुनी उपग्रह चित्रे, एवढे एका शनिवारी पाहून होते. जागेवर पूर्वी गॅरेज, पेट्रोल पंप, छापखाना, बॅटरीचे दुकान, भंगाराचे गोदाम किंवा मुलाम्याचे वर्कशॉप असल्याचे दिसले, तर जुन्या जमिनीत भाजी लावायचा विचार तिथेच सोडा आणि थेट वर बांधलेल्या वाफ्यांकडे वळा. वीस वर्षे जुन्या वॉचमनला विचारायलाही विसरू नका. ‘इथे आधी काय होते’ याचे उत्तर त्याच्याकडे कागदापेक्षा लवकर मिळते.

आता शिसे. शहराच्या मातीतला हा सगळ्यात चिवट आणि सगळ्यात सर्वदूर पसरलेला ऐवज. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सुरू झाले, पण त्याआधीच्या काही दशकांत गाड्यांच्या धुरातून जे शिसे रस्त्याकडेच्या मातीवर बसले ते अजून तिथेच आहे. शिसे कुजत नाही, उडून जात नाही, पावसाने खाली झिरपतही नाही. चिकणमातीला आणि सेंद्रिय अंशाला धरून वरच्या चार-सहा इंचांत राहते. दुसरा स्रोत रंग. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेली लोखंडी जाळी, फाटक, जिन्याचा कठडा, दारे-खिडक्या यांवर शिसे असण्याची शक्यता धरून चाला. यात एक बारकावा आहे. बाहेरच्या भिंतींना आपल्याकडे बहुधा सिमेंट पेंट असतो, त्याची फार चिंता नाही. खरी गोम तेलाच्या चकचकीत इनॅमलमध्ये आहे आणि त्यातही पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांत, कारण या रंगद्रव्यांत लेड क्रोमेट वापरत. बालोद्यानातली जुनी घसरगुंडी आठवून पाहा.

शिसे लहान मुलांना का जास्त बाधते हे वेगळे सांगायला नको. सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परसबागेच्या संदर्भात ते पोटात जाते कसे, हे मात्र नीट समजून घ्यावे लागेल, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर उभे आहेत. रोपे मुळांवाटे शिसे फार कमी उचलतात आणि फळापर्यंत तर त्याहून कमी पोचवतात. पोटात जाणारे बहुतेक शिसे म्हणजे भाजीला चिकटलेली माती, मुलांच्या नखांतली माती आणि चपलांबरोबर घरात आलेली धूळ. म्हणजे लढाई रोपाशी कमी आणि उघड्या मातीशी जास्त आहे. कॅडमियमचे उलट असते: ते पालेभाज्यांच्या पानांत सहज चढते आणि धुऊन जात नाही.

तपासणीकडे येऊ, कारण इथेच सर्वांत जास्त पैसे फुकट जातात. ‘आम्ही माती तपासली, रिपोर्ट चांगला आला’ असे सांगणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट उघडला की तो मृदा आरोग्य पत्रिकेचा निघतो. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत १२ घटक तपासतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगेनीज) आणि बोरॉन. यात शिसे, कॅडमियम किंवा आर्सेनिक कुठेही नाही. ही पत्रिका शेतकऱ्याला खताचा हिशोब सांगण्यासाठी आहे, ती तुमच्या भरावाला निर्दोषपणाचा दाखला देत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून ‘एकूण शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम आणि निकेल, आम्लात विरघळवून, आयसीपी किंवा एएएस पद्धतीने, कोरड्या वजनावर मिलिग्रॅम प्रति किलो’ अशा शब्दांत कोटेशन मागा. ‘एकूण’ हा शब्द लेखी हवा. काही ठिकाणी डीटीपीए द्रावणाने काढलेला आकडा देतात. तो म्हणजे पिकाला उपलब्ध होऊ शकणारा अंश. तो एकूण प्रमाणापेक्षा कितीतरी कमी येतो आणि पाहून सगळे निर्धास्त होतात. मातीचा कण पोटात गेला की आतले आम्ल त्या द्रावणाची मर्यादा पाळत नाही.

नमुना घेताना संपूर्ण आवाराची माती एकत्र करू नका. भिंतीलगतचा एक मीटरचा पट्टा, मधला भाग आणि रस्त्याकडची कुंपणालगतची बाजू असे तीन वेगळे नमुने करा. मुलांच्या खेळायच्या जागेचा चौथा. वाफ्याच्या जागी नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा १५ सेंटिमीटर खोल घ्या आणि त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची चकती काढा. खेळायच्या जागी फक्त वरचे दोन-तीन सेंटिमीटर घ्या, कारण मुले तेवढ्याच मातीशी खेळतात. खुरपी स्टेनलेस स्टीलची किंवा लाकडी, बादली प्लॅस्टिकची. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत नमुना मिसळला तर रिपोर्टमधले जस्त बादलीचे असेल. माती सावलीत वाळवा, ढेकळे फोडा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो उरवा. पिशवीवर जागा, खोली आणि तारीख लिहा.

रिपोर्टमधले शिसे कसे वाचायचे? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी मातीसाठी वर्षानुवर्षे ४०० मिलिग्रॅम प्रति किलोचा आकडा धरला होता. जानेवारी २०२४ मध्ये तो २०० वर आणला. कॅलिफोर्निया राज्य तर ८० चा आकडा धरते. आमचा सल्ला सावध बाजूचा आहे. १०० च्या आत असेल तर जमिनीतच लावा, फक्त स्वच्छतेच्या सवयी पाळा. १०० ते ४०० च्या दरम्यान उंच वाफे करा आणि उघडी माती झाका. ४०० च्या वर त्या जमिनीत खाण्याचे काहीही नको. हजाराच्या वर आकडा आला तर जमीन खणूही नका. ती जागा फरशी किंवा दाट गवताने झाका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी कळवा. एकाच नमुन्यात अचानक मोठा आकडा आला तर घाबरण्याआधी तीच जागा पुन्हा तपासा, रंगाचा एक पोपडा सापडला तरी आकडा उसळतो.

पुण्याकडच्या समित्यांसाठी एक खुलासा. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेल्या मातीत क्रोमियम, निकेल आणि तांबे निसर्गतःच जास्त असते. युरोपातल्या एखाद्या तक्त्याशी ताडून पाहिले तर तुमची निर्मळ काळी मातीही ‘दूषित’ ठरेल. म्हणून जवळच्या, कधीच बांधकाम न झालेल्या टेकडीवरचा एक नमुना सोबत पाठवा आणि आपला आकडा त्याच्याशी ताडा. आसपास असेल तर ते खडकाचे देणे आहे. दुप्पट-तिप्पट असेल तर माणसाचे.

वाळवीच्या औषधाबद्दल मात्र आम्हाला थोडे कडक बोलायचे आहे, कारण बागा नेमक्या तिथेच होतात. इमारत बांधताना पाया आणि जोत्याभोवतीच्या मातीत कीटकनाशकाचे द्रावण ओततात. पुढे दर काही वर्षांनी पेस्ट कंट्रोलवाले बाहेरच्या भिंतीच्या कडेने गज ठोकून फूटभर खोल भोके पाडतात आणि त्यांत पुन्हा तेच भरतात. हे औषध मातीत टिकून राहावे म्हणूनच घातलेले असते. जुन्या इमारतींत त्यासाठी ॲल्ड्रिन, क्लोरडेन आणि हेप्टाक्लोर वापरत. १९९० च्या दशकात त्यांवर बंदी आली, पुढे क्लोरपायरिफॉस आले. आता गंमत बघा. ‘पाला टाळा, फळभाजी लावा’ हा नियम शिशाला लागू पडतो, पण ॲल्ड्रिन-क्लोरडेनच्या जातीच्या औषधांपुढे तो साफ कोसळतो. भोपळा, काकडी, दोडक्याचे कुळ ही जुनी क्लोरीनयुक्त औषधे मुळांवाटे उचलून थेट फळांत नेते. आणि आपण वेल कुठे लावतो? भिंतीच्या कडेला, खिडकीच्या जाळीवर चढवायला. १९९५ च्या आधीची इमारत असेल तर भिंतीपासून निदान एक मीटरच्या पट्ट्यात एकही वेलभाजी नको. खरे तर कोणत्याही इमारतीच्या त्या पट्ट्यात खाण्याचे काहीच नको. तिथे अबोली लावा, जास्वंद लावा, कोरांटी लावा.

आता वाफा बांधू. मोजमाप ४ फूट रुंद, ८ फूट लांब. चार फुटांपेक्षा रुंद केला तर मध्यापर्यंत हात पोचत नाही, मग कोणीतरी पाय ठेवते आणि माती दडपते. खोली पालेभाजीला एक फूट, टोमॅटो-वांग्याला दीड फूट. एक फुटाच्या वाफ्याला ३२ घनफूट माती लागते. ती पहिल्या पावसात पाचव्या हिश्शाने बसते, म्हणून ४० घनफूट मागवा. ट्रकवाला ब्रासमध्ये बोलेल: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे एका ब्रासमध्ये असे अडीच वाफे.

खालची जमीन खणू नका. वरचे गवत तेवढे कापा, पाणी शिंपडून धूळ बसवा आणि १५० ते २०० जीएसएमचे (दर चौरस मीटरला तितके ग्रॅम) न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. दोन पट्ट्या एकमेकींवर वीतभर चढवा आणि कडेला चार इंच वर वळवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्लॅस्टिकचा कागद घालणे. कागदाने खालची माती अडते खरी, पण पाणीही अडते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत त्या वाफ्याचे डबके होते, मुळे कुजतात, आणि ऑगस्टमध्ये कोणीतरी वैतागून कागदाला पहारीने भोके पाडते. कापडातून पाणी जाते, माती जात नाही. शेवगा, पपई, केळ यांची मुळे मात्र कापडाला दाद देत नाहीत. ती झाडे वाफ्यात नकोत.

कडेला कोकणातला जांभ्याचा चिरा सर्वोत्तम. दोन थरांत काम होते, रंग लागत नाही, कुजत नाही. तळाच्या थरात दर दोन-तीन फुटांवर बोटभर फट सोडा आणि आतून मूठभर खडी लावा, पाणी वाहून जाईल. भाजक्या विटाही चालतात. काय चालत नाही ते स्पष्ट लिहितो: जुन्या रंगवलेल्या दारांच्या फळ्या, रेल्वेचे जुने स्लीपर, टायर आणि सिमेंटचे जुने पत्रे. पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. मातीत त्याचे तुकडे सापडले तर ओले करून, मास्क लावून, हाताने अख्खे उचला आणि जाड पिशवीत बांधा. कोरडी माती चाळून ते काढायला जाऊ नका, तंतू हवेत उडतात. लाकडी पॅलेट वापरायचे तर शिक्का पाहा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ते ठीक, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते परत करा.

पोडियमवर किंवा गच्चीवर हाच वाफा उचलून नेण्याआधी थांबा. भिजलेल्या मातीचा एक फुटाचा थर दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक जो चलभार (माणसे-सामानाचे वजन) धरते तो १५० किलोच्या आसपास आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय तिथे कोकोपीटच्या हलक्या कुंड्यांपलीकडे जाऊ नका.

दोन वाफ्यांमधली वाट उघडी सोडली तर वरची सगळी मेहनत वाया. पावसाचा टपोरा थेंब आपटला की मातीचे शिंतोडे फूट-दीड फूट उडतात आणि थेट पालकाच्या पानांखाली बसतात. वाटेवर तेच कापड आणि वर तीन इंच खडी टाका, किंवा पेव्हर ब्लॉक बसवा. वाफ्यातली मातीही कडेपेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा आणि तिच्यावर वाळका पाला, उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा दोन इंच पसरा.

वाफा भरायचा कशाने, हा प्रश्न वाफा बांधण्यापेक्षा नाजूक आहे. ‘लाल माती’ नावाने टेम्पोतून जे येते ते कधी डोंगराची माती असते, कधी कुठल्यातरी पुनर्विकासाच्या पायाच्या खोदाईतून निघालेली. रंग लाल आहे एवढ्यावर पैसे देऊ नका. माती कुठल्या गावच्या कुठल्या जागेवरून उचलली ते बिलावर लिहून घ्या, विटांचे तुकडे, काच, वायर दिसली तर टेम्पो परत पाठवा आणि पहिल्या खेपेतला अर्धा किलो प्रयोगशाळेत धाडा. रिपोर्ट येईपर्यंत दुसरी खेप नको.

मिश्रण असे: दोन भाग माती, एक भाग खत, अर्धा भाग कोकोपीट किंवा भाताचा तूस. शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतासाठी खत नियंत्रण आदेशात मर्यादा ठरलेल्या आहेत: शिसे १०० मिलिग्रॅम प्रति किलो, कॅडमियम ५, आर्सेनिक १०, क्रोमियम ५०. विक्रेत्याकडे त्या आकड्यांचा रिपोर्ट मागा. ‘शंभर टक्के सेंद्रिय’ हे पिशवीवरचे अक्षर म्हणजे रिपोर्ट नव्हे. सगळ्यात भरवशाचे खत तुमच्याच ओल्या कचऱ्याचे, अट एकच की त्यात फक्त स्वयंपाकघरातले जावे. आवाराची झाडलोट त्यात टाकू नका, तिच्याबरोबर रस्त्याची धूळ आणि रंगाचे पोपडे येतात. निर्माल्यातली फुले चालतील, पण शेंदूर लागलेले काही नको. शेंदूर म्हणजे परंपरेने शिशाचेच तांबडे ऑक्साइड. आज बाजारात कुठला कसा मिळतो हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. गणपती विसर्जनाच्या हौदातला गाळही वाफ्यात नको. शाडूची मूर्ती असली तरी तिच्यावरचा रंग कोणता होता हे कोणाला ठाऊक नसते. ‘माती मातीत मिळाली’ ही भावना चांगली, पण तो गाळ फुलझाडांना द्या.

सामू पाहा. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी असते, आणि आम्लात शिसे आणि कॅडमियम दोन्ही मोकळे होतात. सामू साडेपाचच्या आसपास असेल तर दर चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम बारीक दळलेला शेतीचा चुना किंवा डोलोमाइट वरच्या सहा इंचांत मिसळा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. लक्ष्य साडेसहा ते सात. भाजलेली चुनकळी वापरू नका, रोपे होरपळतात. पुण्याची काळी माती आधीच विम्लधर्मी, तिला चुना घालायचे काहीच कारण नाही. घातला तर लोह आणि जस्त अडकून पाने पिवळी पडतील आणि तुम्ही रोग समजून फवारणी कराल.

ज्यांची माती १०० ते ४०० मध्ये आहे त्यांना हमखास सुचवले जाते की खत घालून माती ‘पातळ’ करा. हिशोब करून पाहू. १५ सेंटिमीटर मातीत ५ सेंटिमीटर खत मिसळले तर आकारमानाने खत चौथा हिस्सा झाले, पण खत हलके, माती जड. वजनाने ते जेमतेम नववा हिस्सा होते. ३०० चा आकडा २६५ च्या आसपास येतो. खताचा खरा फायदा वेगळा: त्याचा सेंद्रिय अंश शिशाला धरून ठेवतो आणि जमीन धुळीसारखी उडत नाही. स्फुरदाचेही तसेच. फॉस्फेट शिशाशी जोडले जाऊन न विरघळणारे खनिज बनते हे खरे, पण बागेतल्या मात्रेने काम पुरे होत नाही, आणि मातीत आर्सेनिक असेल तर तेच फॉस्फेट त्याला जागेवरून ढकलून पाण्यात सोडते. आर्सेनिकचा आकडा पाहिल्याशिवाय रॉक फॉस्फेटच्या गोण्या मागवू नका.

सूर्यफूल किंवा मोहरी लावून शिसे ‘शोषून घ्या’ असे संदेश फिरतात. शिशाच्या बाबतीत हे काम पिढ्यान् पिढ्या चालेल, आणि शोषलेच तर त्या झाडांचे करायचे काय? मोहरीची भाजी आपण खातो. जीवामृताने माती जिवंत होते, शिसे मरत नाही. उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिकखाली ओली माती चार-सहा आठवडे तापवली तर सूत्रकृमी आणि रोगजंतू घटतात, धातू जसेच्या तसे. डिझेल सांडलेल्या जागेला मात्र वेळेचा उपयोग होतो: माती सैल, ओलसर ठेवली, थोडे खत दिले की जिवाणू तेल खातात, वास पूर्ण जाईपर्यंत आणि त्यानंतर एक हंगाम तिथे काही लावू नका.

गटाराची बाब वेगळी आणि तातडीची. चेंबर तुंबून वाफ्यात पाणी शिरले तर उभी पालेभाजी उपटून टाका, धुऊन खाऊ नका. जंतांची अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात. मोरीच्या पाण्यावर अळू ही आपली जुनी सवय आहे. त्या पाण्यात नुसता साबण असेल तोवर ठीक होते, चेंबरची गळती त्यात मिसळत असेल तर ते अळू शोभेचे समजा. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे पाणी द्यायचे तर ठिबकने, मुळाशी, आणि फक्त शिजवून खायच्या फळभाज्यांना.

पिकांची निवड वरच्या सगळ्यातून जवळजवळ आपोआप ठरते. उंच वाफ्यात, चांगल्या मातीत काहीही लावा. उंच वाफा जमलाच नाही तर जुन्या जमिनीत, शिसे १०० ते ४०० असताना, वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी, गवार, घेवडा, चवळी. गाजर, मुळा, बीट, रताळे नको. गाजर तर शिसे धरण्यात पुढे, आणि साल काढूनही आतल्या गाभ्यात काही उरते. मेथी, पालक, माठ, कोथिंबीर नको, ती जमिनीलगत वाढतात आणि घड्यांत माती धरतात. फाटकाजवळच्या कढीपत्त्याला सगळे माफ असते, पण रस्त्याची धूळ सर्वांत जास्त त्यावरच बसते आणि फोडणीत टाकताना तो कोणी धूत नाही. भाजी धुताना एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे व्हिनेगर, पाच मिनिटे भिजत, मग साध्या पाण्याने दोनदा. शिजवल्याने धातू जात नाहीत.

आणि वाफा एकदा बांधला म्हणजे सुटलो असेही नाही. बोस्टन शहरातल्या परसबागांत स्वच्छ मिश्रणाने भरलेल्या उंच वाफ्यांत शिसे चार वर्षांत सरासरी १५० वरून ३३६ वर गेले. आजूबाजूची उघडी माती वाऱ्याने त्यांत येऊन पडत होती. म्हणून दर दोन वर्षांनी वाफ्याचे वरचे दोन सेंटिमीटर वेगळे तपासा, आणि आकडा चढला असेल तर तेवढाच थर खरवडून नवे खत घाला. खरवडलेली माती कुंड्यांतल्या शोभेच्या झाडांना.

समितीने करायचे शेवटचे काम कंत्राटांचे आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याला वाफ्यांचा नकाशा द्या आणि कोणत्या भिंतीला, कोणते औषध, किती तारखेला घातले ते लेखी घ्या. रंगकामाच्या कंत्राटात पुढचा मजकूर जसाच्या तसा घातला तरी चालेल:

“जुना रंग खरवडताना भिंतीपासून किमान १० फूट अंतरापर्यंत जमिनीवर जाड ताडपत्री अंथरावी. लोखंडी जाळ्या, फाटक, कठडे आणि खेळाचे साहित्य यांवरील जुना रंग कोरडा घासू नये. पाण्याने ओला करून हाताने खरवडावा. ग्राइंडर किंवा उघड्या ज्योतीचा वापर करू नये. पोपडे रोज संध्याकाळी गोळा करून बंद पिशवीत भरावेत, आवारात झाडून टाकू नयेत. वाफे आणि बालोद्यान काम सुरू होण्यापूर्वी झाकावेत. ब्रश, डबे व थिनर मातीत धुतल्यास अंतिम बिलातून त्या जागेच्या माती-तपासणीचा खर्च वजा केला जाईल.”

हे सह्या होण्याआधी घाला. परांची चढल्यावर कोणी ताडपत्री आणत नाही.

आपले,
माती, खते आणि शहरी भाजीपाला या विषयांत काम करणारे काही जण